उष्टी काढणारे हात

आमच्या इंझोरी गावात सप्त्याच्या पंगतीत उष्ट्या पत्रावळ्या उचलायला पोरं पुढे धावतात. राजसूय यज्ञात कृष्णाने उष्टी काढली, हे कीर्तनकार सांगतो आणि अख्खा मंडप हात जोडतो. माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंटच्या इंटर्नशिपला पुण्याला गेला, तेव्हा त्याच मंडपातल्या एकाने मला विचारलं, "एवढा पैसा भरून पोट्टं वेटरच झालं का?" चौथ्या महिन्यात पोरगा परत आला. रोज बारा-बारा तास उभं राहून टाचा भेगाळलेल्या. त्याबद्दल चकार शब्द नाही. "काका, सोयरे काय म्हणतीन?" एवढंच.

काम तेच, मग देवाच्या दारी पुण्य आणि पगारासाठी केलं की लाज, हे कसं? मला वाटतं, उष्ट्यामागे जातीचा विटाळ दडला आहे; सप्त्यात आपण तो तासभर विसरतो, इतकंच. याउलट, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडत, रात्री कीर्तन करत. पंढरपूर-नाशिकला त्यांनी धर्मशाळा बांधल्या. परक्याची सोय हाच त्यांचा धर्म होता. मात्र सेवेचं नाव घेऊन पोरांना तुटपुंज्या पैशांत राबवणं, हा मालकाचा अधर्मच.

पुतण्या परवा पुन्हा पुण्याला गेला. दिवाळीत येईल तेव्हा, गावकऱ्यांनो, त्याला काय शिकलास ते विचारा.