उचललेल्या गाडीखाली किती विश्वास ठेवावा?

उचललेल्या गाडीखाली आडवा होणारा माणूस, त्याच्या ध्यानीमनी नसले तरी, एका जुन्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. जीव सोपवण्याइतका विश्वास कशाच्या बळावर ठेवावा, हा तो प्रश्न. दर्शनकारांनी तो दोरी आणि साप, मृगजळ आणि पाणी अशा उदाहरणांवर पारखून पाहिला. घरच्या घरी इंजिन ऑइल बदलताना तोच प्रश्न अकरा-बाराशे किलो वजन घेऊन डोक्यावर येतो.

हैदराबादच्या हिमायतनगरात हा प्रसंग बहुधा सदनिकांच्या इमारतीखाली, सेलरमध्ये घडतो. सेलरचा उतार उभा असतो आणि बुटक्या गाडीचे नाक त्याच्या टोकाशी घासते. हाच बुटकेपणा गाडी उचलतानाही आडवा येतो. साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी 13-14 सेंटिमीटर उंच राहतो, तेव्हा तो बंपरखालून आत सरकतच नाही. कमी उंचीचे जॅक 8-9 सेंटिमीटरपर्यंत खाली येतात. पण उचलण्याची मधली जागा बरीच आत असली तर त्यांचाही दांडा बंपरला अडतो आणि पंप मारता येत नाही. यावर सरळ उपाय आहे. पुढची चाके आधी 4-5 सेंटिमीटर जाडीच्या, चाकापेक्षा रुंद अशा भक्कम फळ्यांवर चढवावीत आणि मगच जॅक आत घालावा. विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक मात्र वापरू नयेत; ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

बहुतेक चुका या पहिल्याच अडचणीपाशी होतात. योग्य जागी हात पोहोचत नाही म्हणून माणूस हात पोहोचेल ती जागा योग्य मानू लागतो. ऑइलच्या चेंबरला, तळाच्या पत्र्याला किंवा गिअरबॉक्सला जॅक लावला जातो. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागा, म्हणजे दारांच्या उंबऱ्याखालच्या पत्र्याच्या दुहेरी कडेवरचे खाचांमधले भाग किंवा सांगाड्याचा ठरावीक आडवा भाग, बाजूला राहतात. इथे विश्वास पुराव्यातून आलेला नसतो, गैरसोयीतून आलेला असतो. आतून मात्र दोन्ही सारखेच वाटतात, आणि प्रामाण्याचा प्रश्न नेमका इथेच सुरू होतो.

ज्ञान खरे आहे हे कळते कसे? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. दोष दिसेपर्यंत ते खरे धरूनच व्यवहार चालतो. नैयायिकांना हे पुरेसे वाटत नाही. समोर दिसते ते पाणी आहे की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागली की ठरते; ज्ञानाचा खरेपणा त्यावरून घडलेल्या यशस्वी कृतीने सिद्ध होतो. एरवी न्यायाचे मत अधिक सावध वाटते. गाडीखाली मात्र त्यात एक खाच आहे. ‘आधार पक्का आहे’ या ज्ञानाची परीक्षा खाली शिरून करायची ठरवली, तर परीक्षा फसल्यावर निकाल वाचायला कोणी उरत नाही. मृगजळाकडे गेलेला तहानलेला परत येतो.

म्हणून नैयायिकांची कसोटी सोडायची नाही, तिची वेळ बदलायची. गाडी जॅकवरून तिला पेलणाऱ्या स्टँडवर टेकल्यावर, अंग बाहेर असतानाच, तिला बाजूने दोन्ही हातांनी ढकलून पाहतात. धक्का आधी हलका आणि मग जोराचा, खाली काम करताना घट्ट बसलेला नट सोडवायला जितका जोर लागेल त्याहून जास्त. पडायचीच असेल तर गाडी आत्ता पडावी. हा धक्का अनेकांना गाडीवरचा अत्याचार वाटतो; खरे तर सगळ्या तयारीत खात्रीचे ज्ञान देणारी कृती तेवढीच आहे.

‘इतकी वर्षे असेच करतो, काही झाले नाही’ हा युक्तिवाद घराघरांत ऐकू येतो आणि दिसतो अनुमानासारखा. पण अनुमानाला व्याप्ती लागते, आणि व्याप्ती म्हणजे केवळ दहा वेळा सोबत दिसणे नव्हे. सोबत का दिसते आणि कोणत्या अटीवर दिसते तेही कळावे लागते. त्या दहाही वेळी फरशी सपाट होती, ही अट बोलणाऱ्याच्या लक्षात नसते. न्यायशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. शिवाय ज्याला काही झाले, तो आपला अनुभव सांगायला गल्लीत उभा नसतो.

उलट टोकही आहे. जॅक दगा देईल, स्टँड दगा देईल, फरशी खचेल, असे म्हणत गेले तर शंकेला अंत नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त शंकेची सीमा आखली ती अशी: माणूस स्वतः ज्या गोष्टीवर विसंबून वागतो, तिच्याविषयीच शंका घेऊ लागला की कृती आणि शंका यांत व्याघात म्हणजे विरोध येतो, आणि शंका तिथे थांबते. भूक लागली की जेवणारा माणूस अन्नाने भूक भागते यावर शंका घेऊ शकत नाही. श्रीहर्षांनी ‘खंडनखंडखाद्या’त हीच आखणी उलटवली: व्याघात आहे असे म्हणायलाही आधी शंका असावी लागते, मग तोच शंकेची सीमा कसा? वादात कोणाची सरशी झाली हे बाजूला ठेवले, तरी गाडीखाली श्रीहर्षांची बाजू थोडी अधिक उपयोगी पडते. विसंबून वागणे हा शंका संपल्याचा पुरावा नाही. कित्येकदा तो केवळ सवयीचा परिणाम असतो.

शंका कुठे कुठे घ्यायची, याची एक चांगली मांडणी गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणत्याही कर्माची पाच कारणे तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे हालचाली आणि पाचवे दैव. आपणच एकटे कर्ते, असे मानणाऱ्याची समज कच्ची, असेही तिथे म्हटले आहे. गाडी उचलणाऱ्याने हे शब्दशः घ्यायला हरकत नाही.

अधिष्ठान म्हणजे फरशी. हैदराबादेत पार्किंगला तांदूर किंवा शहाबादी फरशी सर्रास दिसते. दगड दिसायला पक्का, पण खाली सिमेंट नीट भरलेले नसेल तर पोकळ; हातोडीने ठोकल्यावर भद्द आवाज येतो. गाडीचे वजन स्टँडच्या चार छोट्या पायांवर उतरले की अशी फरशी तडकते. डांबर उन्हाळ्यात मऊ पडते आणि पाय त्यात रुततात. तिथे खाली जाड प्लायवुड घालावे लागते. पाणी वाहून जावे म्हणून पार्किंगला दिलेला हलका उतारही धोक्याचा. डोळ्यांना तो दिसत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की कळतो.

करणांत सर्वांत फसवा जॅकच. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. आतले सील झिजले की तो आवाज न करता खाली बसत जातो. तो उचलण्यासाठी आहे, पेलण्यासाठी नाही. पेलायचे काम स्टँडचे. ट्रॉली जॅकची आणखी एक गंमत आहे: त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत फिरतो. म्हणून गाडी वर जाताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडे सरकावे लागते. खडबडीत जमिनीवर तो अडला की वरची वाटी गाडीखालून घसरू लागते. गाडीसोबत मिळणारा स्क्रू जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. कंपन्या पुस्तिकेत गाडीखाली जाऊ नका असे बजावतात, आणि ते पान क्वचितच कोणी उघडते.

गिअरवरचा विश्वास तर निव्वळ समजुतीवर चालतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एक पुढचे चाक हवेत गेले, की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरू शकते, आणि मग गिअर जमिनीवरच्या जोडीदार चाकालाही धरून ठेवत नाही. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये, हे त्यामुळेच.

मग स्टँडवर छापलेले ‘3 टन’? हे शब्दप्रमाण. न्यायमतानुसार आप्ताचे वचन प्रमाण असते. आप्त म्हणजे वस्तू जाणणारा आणि जशी आहे तशी सांगू इच्छिणारा. अमेरिकेत 2020 मध्ये हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानसाखळीला आपले लाखो स्टँड परत मागवावे लागले. दात्यांत अडकणारा खटका पुरता बसत नव्हता आणि स्टँड अचानक खाली येऊ शकत होता. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. छापील आकडा टाकून देण्याचे कारण नाही, पण खटका दात्यात बसला की नाही ते वाकून पाहणे आणि काढलेले चाक उंबऱ्याखाली आडवे सरकवून ठेवणे एवढे तरी ऐकीव ज्ञानात मिळवावे लागते. स्टँड गेलाच, तर गाडी त्या चाकावर थांबण्याची शक्यता उरते. विश्वास एका वस्तूवर न टाकता दोन-तीनांत वाटला, की कोणा एकाचे खोटे ठरणे जिवावर बेतत नाही.

हे सारे न करताही गाडी पडली नाही, तर कोणाचा दोष उरतो काय? इंग्लंडच्या विल्यम क्लिफर्ड यांनी 1877 मधल्या निबंधात एक जहाजमालक उभा केला आहे. जहाज जुने झाल्याचे त्याला ठाऊक आहे, पण शंका दाबून तो ते प्रवाशांसह समुद्रात सोडतो. जहाज सुखरूप पोहोचले तरी तो तितकाच दोषी, कारण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता, असे क्लिफर्ड म्हणतात. जैन परंपरेतल्या कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’तले मत याच्या जवळ जाते: जीव मरो वा न मरो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसा लागते; जपून वागणाऱ्याच्या हातून अपघात झाला तरी त्याला तसा कर्मबंध नाही. सेलरमध्ये हे फार दूरचे राहत नाही. बॅटरी धरून शेजारी बसलेला मुलगा किंवा सायकल फिरवणारी शेजाऱ्यांची लेक या विश्वासात विचारल्याशिवाय सामील झालेली असतात.

उरते दैव. हिमायतनगरात तिरुमला तिरुपती देवस्थानाचे बालाजी मंदिर आहे. नवी गाडी देवाच्या दारी नेणे, चाकाखाली लिंबू ठेवणे, मराठी घरांत खंडेनवमीला आणि तेलुगू घरांत आयुधपूजेला हत्यारांना आणि वाहनाला फूल वाहणे, हे सारे इथे रुळलेले आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. पाने आणि जॅक पुजायला बाहेर काढले की निदान वर्षातून एकदा त्यांचा गंज दिसतो. पण गीतेने दैवाला पाचवी जागा दिली आहे, पहिली नाही. रामदासांनी तर प्रयत्नालाच देवपण दिले. आधीच्या चारांतली उणीव दैवाच्या खात्यावर टाकणे ही श्रद्धा नव्हे, ती हिशेबातली लबाडी आहे.

आणि कधी कधी शंका फिटतच नाही. फरशी पोकळ वाजते, सेलर उतरता आहे, घरात मदतीला कोणी नाही, दिवस पावसाचा आहे. अशा वेळी ऑइल घरीच बदलण्याचा हट्ट सोडून गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवणे, हेही सुरुवातीच्या त्या प्रश्नाचे रीतसर उत्तर आहे.