आमच्या देखत

आत्याला रात्री फोन केला की बोलण्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘बाळ जेवला, आता झोपेल.’ बाळ ४१ वर्षांचा आहे. कानशिलावरचे केस पिकलेत, वाचायचा चष्मा लागलाय, सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेतो. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. खरं नाव आधार कार्डावर आणि अपंगत्वाच्या दाखल्यावर; बाकी सगळ्या जगाला तो बाळच.

मराठीत माणसाचं वय हाकेतून आणि क्रियापदातून कळतं. बँकेत काल नोकरीला लागलेल्या पोराला आपण ‘अहो’ म्हणतो. आत्याच्या गल्लीतला वाणी बाळपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, त्यालाही सगळे ‘अहो’ म्हणतात. तोच वाणी बाळला मात्र ‘काय रे बाळा, आईबरोबर आलास का?’ असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता आत्याकडे वळतो, ‘याला काय देऊ?’ विशेष शाळांतल्या आणि उद्योग केंद्रांतल्या ताई पन्नाशीला आलेल्यांनाही ‘आमची मुलं’ म्हणतात. यात माया आहे, हे मला मान्य आहे. पण ज्याला कधी मोठं व्हायचंच नाही असं घराने, शाळेने आणि व्याकरणाने मिळून ठरवलंय, त्याला स्वतंत्र आयुष्य शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

अशा मुलांच्या पालकांची कुठेही बैठक असो, चहा संपेपर्यंत कुणीतरी तो प्रश्न काढतंच : ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न आपल्याला सनातन वाटतो, पण तो तसा नवा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतसुद्धा डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीच्या घरात गेलंय. जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, संसर्गावर औषधं आली. पूर्वी बहुतेक आईबाप अशा लेकराला पोचवून मग जायचे. आता लेकरू मागे राहतं.

या प्रश्नाची आपल्याकडे तीन उत्तरं आहेत : भाऊ, पैसा आणि संस्था. भावाचं उत्तर त्याच्या लग्नाच्या बोलणीतच डळमळायला लागतं. पैशाचं म्हणाल तर मुदत ठेवी करता येतात, ट्रस्ट करता येतो; पण ठेव चहा करून देत नाही. राहिली संस्था. बदलापूरची ‘आधार’, डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’ ही पालकांनी स्वतः एकत्र येऊन, पदरमोड करून उभी केलेली कामं आहेत. त्यांच्याबद्दल वाकडं बोलायची माझी प्राज्ञा नाही. शेकडो आईबाप त्यांच्यामुळे रात्री झोपू शकतात. एवढंच नोंदवतो, की आजन्म निवासाच्या जागा बहुधा गावाबाहेर सापडतात, कारण तिथे जमीन स्वस्त असते. तिथे माणूस सुरक्षित राहतो, पण कोपऱ्यावरचा वाणी त्याच्या आयुष्यातून जातो. चुकीची का होईना, पण रोज हाक मारणारा तो एक बाहेरचा माणूस होता.

माझी तक्रार या तीन उत्तरांबद्दल नाही, प्रश्नातल्या ‘नंतर’बद्दल आहे. त्या शब्दामुळे माणसाचं आयुष्य दोन मृत्यूंच्या पलीकडे ढकललं जातं. तोवर सगळं आईच्या हातून : दाढी आईने करायची, भात आईने कालवायचा, शर्ट आईने काढून ठेवायचा. मग एके दिवशी आई जाते, आणि पंचेचाळिशीच्या माणसाची आई, घर, पलंग, चहाचा ठरलेला कप असं सगळं एकाच आठवड्यात जातं. अनोळखी ठिकाणी, अनोळखी माणसांत, सुतक फिटायच्या आत त्याने पहिल्यांदा स्वतःचं ताट घासायला शिकायचं. घर सोडण्याची याहून वाईट वेळ मला सुचत नाही. शिकायचं असेल तर आई चालतीबोलती असताना, तिच्या डोळ्यांसमोर शिकावं. म्हणजे प्रश्न ‘आमच्या देखत काय?’ असा हवा.

देखत शिकवणं मात्र फार जड जातं. बाळच्या उद्योग केंद्रातल्या ताईंनी काही वर्षांपूर्वी सुचवलं की पुण्यात धनकवडीहून स्वारगेटपर्यंत त्याला एकट्याला बसने येऊ द्या. आत्तोबांनी तीन महिने त्याच्याबरोबर प्रवास केला. मग शेजारी न बसता मागच्या सीटवर बसले. मग मागच्या दाराने चढून गर्दीत लपले. बाळला ते पहिल्याच दिवशी दिसले होते. उतरताना त्याने ‘बाबा, चला’ म्हणून हाक मारली. शेवटी एका सोमवारी तो खरोखरच एकटा गेला. पुढचे काही महिने सुरळीत गेले. मग गणपती आले, रस्ते वळवले गेले, बस भलतीकडून जायला लागली आणि ओळखीचा दवाखान्याचा बोर्ड काही दिसेना, म्हणून बाळ मधेच कुठेतरी उतरला. दोन तास आत्याच्या जिवात जीव नव्हता. बाळ एका चहाच्या टपरीपाशी उभा होता. त्याने बऱ्याच वेळाने टपरीवाल्यासमोर गळ्यातलं कार्ड धरलं, त्यावर फोन नंबर होता. आत्तोबा पोचले तेव्हा तो क्रीमरोल खात होता. पैसे दिले नव्हते.

आत्याने बसचा पास कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्या दिवशी घडलं काय, ते नीट बघितलं तर बाळ चुकला आणि चुकल्यावर जे करायला शिकवलं होतं ते त्याने केलं. रडत बसला नाही, कुणाबरोबर निघून गेला नाही. रोजच्या सरळ प्रवासात ही परीक्षा कधी झालीच नसती. रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७२ साली मतिमंदांच्या संदर्भात एक लेख लिहिला. धोका पत्करण्यातही माणसाचा मान असतो आणि अतिकाळजीने आपण तो मान काढून घेतो, हे त्याचं म्हणणं. मला ते पटायला टपरीपुढचा क्रीमरोल लागला. पास दोन महिन्यांनी कपाटातून बाहेर आला. आता गणपतीच्या दहा दिवसांत बाळ सुट्टी घेतो. ही तडजोड त्याने स्वतः सुचवली.

‘आधी नीट शिकू दे, मग एकट्याने करू देऊ’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं आहे, पण ते कित्येकांना आयुष्यभर दाराच्या आत ठेवतं. विशेष शाळांत नाणी-नोटा ओळखण्यावर दहा-दहा वर्षं जातात. बाळला अजून पन्नासातून सतरा वजा करता येत नाहीत. पण फोनवर क्यूआर कोड स्कॅन करून तो दूध आणतो. खात्यात आठवड्याला ठरावीक रक्कमच टाकलेली असते, म्हणजे फसला तरी तेवढ्यालाच. वजाबाकी आली नाही म्हणून वीस वर्षं दुकान बंद होतं, ते असं उघडलं. चहाचंही तसंच. शिकवणारे एका कामाचे बारीक टप्पे पाडतात : पातेलं, पाणी, गॅस, साखर, भुकटी, दूध, गाळणं, कपात ओतणं. आणि कित्येकदा ते शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करतात. बाकी सगळं ताईंनी करायचं, ओतणं त्याने. म्हणजे पहिल्याच दिवशी ‘चहा मी केला’ म्हणता येतं. पुढे हळूहळू गाळणं, मग दूध, असं उलटं मागे जायचं. मला ही युक्ती आपल्या सगळ्या शिक्षणव्यवस्थेला लावावीशी वाटते. पण तो विषय वेगळा.

सरकारी कागद मात्र उलट दिशेने चालतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना रेल्वेची सवलत आहे, पण ती मदतनिसाशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी. बाळ एकटा प्रवास शिकला, तर कागदाच्या हिशेबाने सवलतीतून बाहेर पडला! सरकारी नोकराच्या अपंग अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते उपजीविका कमावता येत नाही या पायावर. म्हणून शहाणे आईबाप मुलीला मिळणारी छोटी नोकरी नको म्हणतात; पेन्शन गेली तर पुन्हा कोण देणार? मदत हवी असेल तर तुम्ही काही करू शकत नाही हे सिद्ध करत राहा, असा हा व्यवहार आहे.

अठराव्या वर्षी आणखी एक गंमत होते. आईबाप कायद्याने पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. मग राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज, आणि पालकत्वाचा दाखला. एका खात्यासाठी दाखला घेतला जातो आणि घरात त्याचा अर्थ असा होतो की आता सगळंच आम्ही ठरवणार. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वेगळं बोलतो. तो ‘मर्यादित पालकत्व’ म्हणतो : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. भारताने २००७ साली मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार तर कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्कच देतो. बाळला हे कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

मुलींच्या बाबतीत ही न विचारण्याची सवय कुठवर जाते ते महाराष्ट्राने पाहिलंय. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. पॅड बदलण्याचेही चहासारखे टप्पे पाडता येतात. कित्येक मुली ते शिकतात. वेळ लागतो, शिकवणारी बाई लागते. वेळ आणि बाई यांचा खर्च नको म्हणून शस्त्रक्रिया, याला सोय म्हणतात. पण सोय कोणाची? लैंगिकता आणि लग्न यांबद्दल तर आपण बोलतही नाही. ‘कच्चा लिंबू’ हा २०१७ चा चित्रपट, जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, त्या बंद खोलीत शिरला होता. आपण थिएटरात हळहळलो आणि घरी आलो.

कामाचंही बघा. दिवाळीच्या प्रदर्शनात आपण उद्योग केंद्रातल्या पणत्या आणि उटणं घेतो, हिशेब न करता, ‘या मुलांनी केलंय’ म्हणून. उटणं चांगलं आहे का हे कुणी विचारत नाही. करणाऱ्याला मिळतं ते विद्यावेतन. वीस वर्षं काम केलेल्याला विद्यावेतन देणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. मुंबईत जुहूला ‘कॅफे अर्पण’ आहे. विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ माणसं तिथे ऑर्डर घेतात, पदार्थ करतात, टेबलं पुसतात. ते पगाराचं काम आहे, आणि कॉफी गार आली तर गिऱ्हाईक तसं सांगू शकतं. मला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, आमच्या मुलीला बोलता येत नाही, भरवावं लागतं, तिला बस कसली आणि कॅफे कसलं! खरं आहे. पण हाताने काम करणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे, रोजच्या कित्येक गोष्टींना दुसऱ्याची मदत लागते. त्यांनी आपलं आत्मकथन एका बोटाने टाइप करून लिहिलं, ते २०१० साली आलं. मदत घेणाऱ्या त्या आहेत आणि ठरवणाऱ्याही त्याच. ज्यांची समज कमी, त्यांचंही तोंड फिरवणं हे उत्तर असतं : हा शर्ट नको, ही बाई आंघोळीला नको. ते ऐकून घेणारं माणूस सापडलं, तर तिथूनही सुरुवात होते.

हे सगळं आत्या वाचेल तेव्हा काय म्हणेल ते मला माहीत आहे : ‘लिहिणं सोपंय, चार दिवस राहायला ये.’ ती ७४ वर्षांची आहे आणि गेल्या ४१ वर्षांत तिने एकटीने सिनेमा पाहिलेला नाही. बाळच्या स्वातंत्र्याची सगळी किंमत तिच्या झोपेतून वसूल होते, आणि आपण तिला ‘धन्य ती माउली’ म्हणून मोकळे होतो. चार दिवस जायला हवं, हे खरंच.

तुमच्याही गल्लीत एखादा बाळ असेल. दुकानात तो पुढे उभा असेल तर त्याच्याशीच बोला. ‘अहो, काय हवंय?’ असं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा वेळ थांबा, आणि मागून कुणी घाई केली तर त्यांनाही थांबायला सांगा.