हालचाल आणि हेतू



कळसूत्री बाहुली लाकडाची असते, हे लहानथोर सर्वांना ठाऊक. तरी सूत्रधाराने दोरी सैल सोडली आणि बाहुलीची मान खाली गेली की बघणारा म्हणतो, 'बिचारी रुसली हो!' आता रुसायला मन लागते. लाकडाला ते कोठून आले? ते दिले बघणाऱ्याने.

पाश्चात्य पंडितांनी याची परीक्षाच करून पाहिली आहे. अमेरिकेतील स्मिथ कॉलेजातल्या फ्रिट्झ हायडर व मेरिअन सिमेल यांनी १९४४ साली आपल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी एक छोटा मूकपट तयार केला. त्यात माणूस नाही, पशू नाही. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वाटोळी चकती आणि दार असलेली एक चौकट, एवढेच. ३४ विद्यार्थिनींना तो दाखवून काय घडले ते लिहावयास सांगितले. आकृत्या सरकल्या, वळल्या, असे निव्वळ भूमितीच्या भाषेत सांगणारी त्यांत एकच निघाली! बाकीच्यांना तेथे जीव दिसले, बहुतेकींना तर माणसेच दिसली. कोणी पाठलाग करतो, कोणी घरात लपतो, कोणी भांडतो. आकृती आपणहून निघाली, थांबली, दुसरीच्या मागे लागली, एवढ्यावरून मनाने हेतू ठरविला.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, मग हे अज्ञानच ना? तर तसे नव्हे. रानात गवत हलले असता 'वाघ असेल' म्हणून जो मागे सरतो, तो वाचतो. 'वारा असेल' म्हणून बसून राहणारा एखादे दिवशी फसतो. ही शक्ती रक्षणाची आहे. पण तिला विवेकाची जोड हवी. अंधारात पडलेल्या दोरीवर साप भासतो, हा वेदान्ताचा दृष्टांत आपण नेहमी ऐकतो. ती दोरी वाऱ्याने जरा हलू द्या, मग तो साप नव्हे असे कोणी सांगून पाहावे!

आता घरात या. मूल उंबऱ्याला अडखळते. आई उंबऱ्यालाच चापट मारते, 'माझ्या बाळाला लागलं होय रे?' मूल हसते. उंबऱ्याला काही लागत नाही. परंतु थोरपणी हीच खोड माणसाच्या अंगावर येते. वाऱ्याने दार आपटते आणि सासू म्हणते, 'बघा, राग दाराववर काढते!' सून बिचारी मागल्या दारी भांडी घाशीत असते. दिंडीत मागल्याचा धक्का लागतो. त्यालाही मागून कोणी लोटलेले असते. आपण म्हणतो, 'मुद्दाम मारला.' त्रिकोणाला मनच नव्हते. माणसाला मन आहे, पण ते आपण पाहिलेले नाही. दोन्हीकडे पाहिली ती हालचालच. एका दारापायी घरे दुभंगतात, सख्खे भाऊ बोलेनासे होतात.

मग सर्वत्र जडच पाहावे काय? मुळीच नाही. चांगदेव वाघावर बसून आले, तेव्हा ज्ञानदेव बसल्या भिंतीसह सामोरे गेले, ही कथा आपल्याला प्रिय आहे. जडातही चैतन्य पाहणे ही संतांची दृष्टी. जडालाही वैरी करणे ही आपली खोड.

म्हणून एवढेच करावे. दार आपटले तर आधी उठून वारा आहे का ते पाहावे. धक्का लागला तर मागल्याच्या मागे कोण आहे ते पाहावे. तरीही उमगले नाही, तर गोडीने विचारावे. मनाने ठरवून टाकू नये.

रामकृष्णहरि!