शुद्ध स्वर आणि वाटून घेतलेली चूक

पस्तिसाव्या वर्षी मी गिटार हाती घेतली. शिकवणाऱ्या तरुणाने पहिल्या दिवशी गाणे दिले नाही. एकाच तारेवर पडदे मोजायला लावले. मोकळी तार म्हणजे सा. मग दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा आणि बारावा पडदा. बाराव्यावर तार निम्मी होते आणि वरचा सा लागतो. दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. एवढी अंतरे सांभाळली की कोणत्याही स्वरापासून निघा, मेजर स्केल तयार. आपल्या बिलावलचे सात शुद्ध स्वर ते हेच.

मुलांकडून रोज पाढे म्हणवून घेणारा मी. हा हिशेब मला आवडला. पण तंबोऱ्याशी पडताळून पाहिले तेव्हा गंधार कानाला चढा लागला. गिटार बिघडली असे वाटले. तरुण हसून म्हणाला, "सर, गिटार बरोबर आहे. सगळ्याच गिटारींचा गंधार असा असतो."

शुद्ध पंचमाची कंपने साच्या दीडपट असतात. असे बारा पंचम एकावर एक चढवले, तर सात सप्तके ओलांडून पुन्हा सावर यायला हवे. तसे होत नाही. आपण अर्ध्या स्वराच्या जवळजवळ चतुर्थांशाने पुढे जातो. ही तफावत कोणाच्या चुकीने आलेली नाही. ती संख्यांच्या स्वभावातच आहे. प्रश्न एवढाच, ती कोणी सोसायची?

युरोपात वाद्ये जुळवण्याच्या एका जुन्या पद्धतीत अकरा पंचम शुद्ध ठेवून सगळी तफावत बाराव्यावर टाकत. ती स्वरजोडी इतकी कर्कश वाजे की तिला 'लांडगा' म्हणत आणि वाजवणारे ती टाळत. चीनमधील मिंग घराण्यातला राजपुत्र झू झाइयू याने १५८४ मध्ये सप्तकाचे बारा समान भाग करण्याचे गणित मांडले. आजच्या गिटारचे पडदे याच तत्त्वावर बसवतात. प्रत्येक पंचम किंचित उतरतो, गंधार त्याहून अधिक चढतो. पण लांडगा कोणीच उरत नाही.

हे समजले त्या रात्री मला वर्गातला एक मुलगा आठवला. तलफ्फुजच्या बाबतीत मी कडक. 'काफ'चा उच्चार आमच्याकडे अनेकजण 'ख' करतात. तो 'कलम'ला 'खलम' म्हणाला, तेव्हा मी वर्गासमोर तीनदा म्हणायला लावले. वर्ग हसला. त्यानंतर त्याने मोठ्याने वाचणेच सोडले. वर्गाच्या शुद्धतेची किंमत मी एकट्याकडून वसूल केली होती. आणि माझ्या मराठीतल्या 'ळ'ला हसणारे मलाही आयुष्यभर भेटलेच होते!

मग काहीही चालते का? नाही. पडदे मनाला येईल तिथे ठोकलेले नसतात. पंचम ढळतो तो मोजून, आणि सप्तकाला कोणी हात लावत नाही. तडजोड आणि लबाडी यांत मला हाच फरक दिसतो. तूट मोजलेली असावी, ती एकट्यावर पडू नये आणि एक गोष्ट अभंग राहावी. वर्गात ती गोष्ट म्हणजे मुलाची बोलण्याची हिंमत.

शुद्धतेलाही तिची जागा आहे. ख्याल गाणाऱ्याचा सा मैफलभर एकच, म्हणून त्याला शुद्ध गंधार परवडतो. माझी मुले घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी बोलतात. दिवसातून तीनदा त्यांचा सा बदलतो.

गेल्या आठवड्यात त्या मुलाला पुन्हा धडा वाचायला सांगितले. 'खलम' आला. मी अडवले नाही. त्याने धडा संपवला. 'काफ'चा सराव नंतर सगळ्या वर्गाने मिळून केला.