उन्हाळी शिबिराची शिदोरी



वैशाखाचा वणवा पेटला की थाटीपुरातील रस्ते दुपारी ओस पडतात. शाळा बंद, मुले घरात कोंडलेली. अशा दिवसांत त्यांना आठवडाभर शिबिरास धाडावे, असे आम्ही सुचविले की आईबाप विचारतात, ‘पाठ केलेले श्लोक आषाढापर्यंत तरी टिकतील काय?’

प्रश्न रास्त आहे. मनाचे श्लोक २०५. मूल त्यांतील पुष्कळ विसरेलही. परंतु शिबिर म्हणजे केवळ पाठांतर नव्हे. शाळेत हिंदी बोलणाऱ्या आमच्या मुलांच्या जिभेवर तेथे मराठी रुळते. आपले ताट आपण घासणे, अनोळखी मुलाशेजारी पंगतीस बसणे, याचे वळण लागते. शब्द विसरतात, वळण राहते.

राष्ट्र सेवा दल १९४१ साली स्थापन झाले. त्याच्या शिबिरांत मुले जातपात विसरून एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांचे लाडके साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी उपोषणास बसले, तेव्हा कोठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांस विठ्ठलमंदिर खुले झाले. जे सत्य मुले पंगतीत हसतखेळत शिकली, तेच मोठ्यांस पटविण्यासाठी गुरुजींना प्राण पणास लावावे लागले!

म्हणून मुलांना अवश्य धाडा. आणि ज्याला कोणी बोलावीत नाही, त्या शेजारच्या मुलासही बोट धरून आणा. देवापुढे कोणी परका नाही, हे ताटाला ताट लावून बालपणीच कळले, तर ती शिदोरी जन्मभर पुरते.

शुभं भवतु.