ऊर्मी, ऋण आणि काळाची मालकी

परदेशी शिकणारा विद्यार्थी ज्या काळात जगत असतो तो काळ कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल. जो जगतो त्याचा काळ, असे उत्तर सहज देता येते. परंतु शिक्षणासाठी कर्ज निघाले, राहते घर तारण पडले, की तो काळ आगाऊ विकला गेला आहे अशी भावना पाठवणाऱ्यांच्या मनात, आणि पुष्कळदा जाणाऱ्याच्याही मनात, मूळ धरते. अशा विद्यार्थ्याने आपल्या वाढदिवसाला, केवळ आदल्या रात्री मनात आले म्हणून, शनिवार-रविवार शेजारच्या देशात घालवावा की नाही? प्रश्न क्षुल्लक आहे. पण नीतिविचारातले पुष्कळसे खरे प्रश्न अशा क्षुल्लक वेषातच घरात शिरतात. मोठ्या वेषात येतात तेव्हा आपली उत्तरे पाठ असतात.

माझ्याकडे हा प्रश्न एका कौटुंबिक तंट्याच्या रूपाने आला. मालवणकडे राहणाऱ्या माझ्या चुलतभावाची मुलगी जर्मनीत आखेन येथे अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेते. आखेन हे जर्मनीच्या पश्चिम कडेवरचे शहर. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या सीमा शहरालगतच एका टेकडीवर एकमेकींना भेटतात. येथून परदेशी जायला शहराच्या बसमध्ये बसले तरी पुरते. बेल्जियमच्या हद्दीतील ऑयपेन या गावी उतरावे आणि तेथून आगगाडी धरावी, म्हणजे ती लिएज, ब्रुसेल्स, गेंट, ब्रूज अशी साऱ्या देशाची रुंदी ओलांडून ऑस्टेंडच्या समुद्रावर नेऊन सोडते. जून महिन्यातील एका शुक्रवारी रात्री, सामाईक स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता, कोणीतरी म्हणाले की उद्या हिचा वाढदिवस आहे, तर समुद्र पाहून येऊ. सकाळी चौघेजण निघाले. एक रात्र स्वस्तातल्या वसतिगृहात काढून रविवारी परतले. माणशी खर्च शंभर युरोंच्याही आत आला.

तंटा त्या युरोंचा नव्हता. शनिवारी सकाळी आईने देवापुढे निरांजन लावून फोन केला, तेव्हा मुलीने गाडीतून, चित्र बंद ठेवून, ‘खोलीवरच आहे’ असे सांगितले. संध्याकाळी कोणा मैत्रिणीने लावलेले समुद्रकाठचे छायाचित्र घरी पोहोचले. माझ्या चुलतभावाचा मला फोन आला. ‘दादा, तुम्ही तिला दोन शब्द सांगा. आम्ही कर्ज काढून समुद्र बघायला नव्हतं पाठवलं. समुद्र आमच्या दारात होता.’

हे वाक्य मला अनेक दिवस सोडीना. त्यात वेदना आहे, उपरोध आहे, आणि एक गृहीतही आहे. ज्याच्यासाठी ऋण काढले त्याने ते ऋण फिटेपर्यंत आनंदापासून दूर राहावे, हे ते गृहीत. मराठी मध्यमवर्गीय मनाला ते इतके परिचित आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. आपल्या चरित्रवाङ्मयाने या गृहीताला मोठे खतपाणी घातले आहे. परदेशी शिकलेल्या थोरांच्या चरित्रांत उपवास, थंडी, एकच कोट आणि रात्रीचे जागरण यांची प्रकरणे लांबलचक असतात. एखाद्या दुपारी ते कारणाशिवाय हसले असतील तर ती नोंद क्वचित सापडते.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. पुढे लंडनमध्ये त्यांनी ग्रंथालयात दिवसचे दिवस अर्धपोटी काढले. हे सारे वंदनीय आहे. परंतु त्या कष्टांचे नैतिक मूल्य कोठून आले, हे नीट पाहिले पाहिजे. बडोद्याच्या करारात नोकरीची अट होती. उपाशी राहण्याची नव्हती. त्यांनी आपला प्रत्येक तास एका मोठ्या समाजाच्या मुक्तीला वाहिला तो स्वतःच्या संकल्पाने. तो संकल्प होता म्हणूनच त्याला व्रताची थोरवी आली. एकाने स्वेच्छेने घेतलेले व्रत दुसऱ्याच्या कर्जरोख्यात कलम म्हणून घालता येत नाही. घातले तर ते व्रत उरत नाही, वेठ होते.

आपल्या परंपरेतली ऋणाची कल्पनाही येथे तपासून पाहण्यासारखी आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन मनुष्य जन्माला येतो, असे वैदिक वाङ्मय सांगते. देवऋण यज्ञाने फिटते, ऋषिऋण अध्ययनाने, पितृऋण संततीने. यांपैकी कोणतेही ऋण दुःखाने फिटत नाही. दुःख हे या व्यवहारातले चलनच नव्हे. शिवाय पित्याचे ऋण पित्याला परत करायचे नसून पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे आहे. बँकेचे ऋण याहून अगदी निराळे. त्याला हप्ता असतो, मुदत असते, आणि ते फिटते. आपल्या घरांतून घोटाळा होतो तो या दोन ऋणांची सरमिसळ झाल्याने: हप्ता बँकेचा, आणि वसुली पितृऋणाच्या सुरात.

हिशेबच पाहायचा तर जर्मन शासनाने तो आधीच करून ठेवला आहे. तेथे शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने वर्षभराच्या निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. बहुतेक भारतीय विद्यार्थी ती एका गोठवलेल्या खात्यात ठेवतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती पडतात. एका माणसाचे महिन्याचे जगणे किती, याचा हा सरकारी अंदाज. त्यात वाढदिवस कोठे बसतो, हे अर्थातच कोणी लिहिलेले नाही. या मुलीने ती सफर ग्रंथालयातल्या अर्धवेळ कामाच्या पैशांतून केली, हे मला नंतर कळले. कळले नसते तरी माझ्या मतात फार फरक पडला नसता.

वाढदिवसाविषयी मात्र थोडे थांबून बोलावेसे वाटते. धर्मसिंधूसारख्या निबंधग्रंथांत वर्धापनाचा विधी सांगितला आहे. मार्कंडेयाचे आणि अश्वत्थाम्यापासून परशुरामापर्यंतच्या चिरंजीवांचे पूजन करावे, तीळ-गूळ घातलेले दूध प्यावे, आणि काही गोष्टी वर्ज्य कराव्यात. त्या वर्ज्य गोष्टींत नखे-केस कापणे, मांसाशन, कलह आणि हिंसा यांच्या जोडीला प्रवासही आहे! शास्त्रकारांच्या दृष्टीने वाढदिवस हा आयुष्याच्या उंबरठ्यावर जपून बसण्याचा दिवस. पाटावर बसावे, कोणीतरी ओवाळावे, आपण काही करू नये. दीर्घायुष्य मागून घ्यायचे असते. निघून जाऊन ते मिळत नाही. ज्या काळी वाट म्हणजे वाटमारी, नदीचा पूर आणि ताप, त्या काळी हा निषेध शहाणपणाचा होता. युरोपातील रीत उलट दिशेची. जर्मनीत ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यावा आणि इतरांना खाऊ घालावा. हॉलंडमध्ये त्याच्याबरोबर त्याच्या आईबापांचेही अभिनंदन करतात. ही डच रीत मला विशेष आवडते. जन्म हा जन्मलेल्याचा एकट्याचा पराक्रम नव्हे, हे सत्य तिने हसतखेळत सांभाळले आहे. मालवणातील माउलीला कोणी त्या सकाळी ‘अभिनंदन’ म्हटले असते, तर तंटा बहुधा निम्म्यावर आला असता.

आता ‘मनात आले म्हणून’ या शब्दांकडे वळू. लहर आणि ऊर्मी या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ लाट. पण कवीला येते ती ऊर्मी आणि घरातल्या मुलीला येते ती लहर. पहिलीचे आपण समीक्षेत गोडवे गातो, दुसरीला दटावतो. केशवसुतांनंतर आपल्या काव्यविचाराने उत्स्फूर्ततेला जे सिंहासन दिले त्यामागे वर्ड्‌सवर्थची प्रसिद्ध व्याख्या होती. त्या व्याख्येचा पूर्वार्ध आपण उचलला आणि तिच्या लगतचेच म्हणणे विसरलो. चांगली कविता ज्याच्याकडून झाली त्याने आधी दीर्घकाळ खोल विचार केलेला असतो, असे तो तेथेच सांगतो. उत्स्फूर्त गोष्टीला पूर्वतयारी नसते हा भ्रम आहे. तिची तयारी दुसऱ्याच कशासाठी म्हणून झालेली असते, एवढेच.

ऑस्टेंडच्या सफरीची तयारी तर फारच जुनी निघते. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी, मोझेल नदीवरच्या एका बोटीत पाच राष्ट्रांनी आपल्या सामाईक सीमांवरची तपासणी हळूहळू उठवण्याचा करार केला. तो प्रत्यक्षात उतरायला १९९५ साल उजाडले. त्या पाचांत बेल्जियम आणि पश्चिम जर्मनी होते. त्याआधी दोन महायुद्धांत याच भूमीवरून सैन्ये गेली होती. अशा जागी भांडी विसळताना ‘उद्या जाऊ’ असे म्हणता येणे ही मुत्सद्द्यांच्या आणि कारकुनांच्या चिकाटीची कमाई आहे. आणि तीही सर्वांना सारखी मिळालेली नाही. जर्मनीचा निवास-परवाना असलेला भारतीय विद्यार्थी शेंगेनच्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या त्याच्या भावंडाला मात्र पॅरिसला जायचे तर व्हिसाचा अर्ज, शुल्क आणि आठवड्यांची प्रतीक्षा. त्याची ऊर्मी दोन महिने आधी सुचावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली. पासपोर्ट आणि परवाना खिशात आहेत ना, हे चाचपल्यावाचून आपल्या मुलीला मनात आले तसे निघता येत नाही.

परदेशातील विद्यार्थ्याच्या अशा सफरीचा एक प्रामाणिक वृत्तान्त गांधीजींच्या आत्मचरित्रात आहे. थोरल्या भावाच्या पैशांवर लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा, पैन् पैचा हिशेब लिहून ठेवणारा हा तरुण पॅरिसचे भव्य प्रदर्शन पाहायला गेला. (आत्मचरित्रात साल १८९० पडले आहे, प्रदर्शन १८८९ चे.) तेथे तो सात दिवस राहिला, शाकाहारी खाणावळ शोधली, नकाशा हाती घेऊन पुष्कळसा पायीच हिंडला. आयफेल मनोऱ्यावर तो दोन-तीनदा चढला, आणि इतक्या उंचीवर आपण जेवलो असे म्हणता यावे एवढ्याचसाठी तेथील उपाहारगृहात सात शिलिंग उधळून आला. ही उधळपट्टी त्याने लपवली नाही. पुढे जगभर वाचल्या गेलेल्या ग्रंथात त्या सात शिलिंगांची नोंद आहे. भावाच्या पैशांतले ते सात शिलिंग गांधीजींच्या नीतिविचाराला लांच्छन आणत नाहीत, याचे कारण मला त्या नोंदीत दिसते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून कठीण. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅम येथे शिकत आणि शिकवत असताना १८८६ साली त्या अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी डॉक्टर होणार होत्या. ज्यांच्या आश्रयावर रमाबाई इंग्लंडात होत्या त्यांना हे जाणे रुचले नव्हते. रमाबाईंनी आपले कारण त्यांना सांगितले, रोष पत्करला, आणि गेल्या. एका समारंभासाठी म्हणून झालेला तो प्रवास १८८८ पर्यंत लांबला आणि त्यातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीला मिळाला. पण तो ग्रंथ झाला नसता तरीही त्यांचे जाणे योग्यच ठरले असते. फळ दाखवून आनंदाचे समर्थन करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. समुद्र पाहून आल्यावर मुलीला परीक्षेत गुण अधिक मिळाले, असे मला कोणाला सांगायचे नाही.

माझे मत मी चुलतभावाला पत्राने कळवले. पाठवणाऱ्याला काळाची मालकी मिळत नाही. मिळतो तो खरे ऐकण्याचा हक्क. ज्या आईने निरांजन लावले तिला ज्योतीपलीकडे आपली मुलगी नेमकी कोठे आहे हे माहीत असायला हवे होते. तो हक्क त्या सकाळी डावलला गेला आणि तेवढ्यापुरती मुलगी दोषी आहे. पण तिला खोटे का सुचले, हाही प्रश्न घराने स्वतःला विचारावा. ज्या घरात आनंदाची बातमी खर्चाची बातमी म्हणून ऐकली जाते, तेथे मुले आनंद लपवू लागतात आणि फक्त कष्ट कळवतात. मग त्यांची पत्रे चरित्रग्रंथांसारखी होतात.

मुलीशीही बोलणे झाले. दारातल्या समुद्राचा विषय मी काढला. ती म्हणाली, ‘काका, जूनमध्ये आपला समुद्र बंद असतो. बाबा विसरले.’ खरेच आहे. त्या दिवसांत मालवणच्या होड्या वर ओढलेल्या असतात, मासेमारी थांबलेली असते, किल्ल्यावर जाणाऱ्या नावाही बंद. तेवीस वर्षांत वाढदिवसाला तिने समुद्राचा फक्त आवाज ऐकला होता. उत्तर समुद्राचे पाणी करडे होते, थंड होते, वाऱ्याने डोळ्यांत वाळू जात होती आणि किनाऱ्यालगत ट्रॅम धावत होती, असे तिने सांगितले. सुंदर होता, असे काही ती म्हणाली नाही. आईला मात्र तिने त्याच आठवड्यात सारे सांगून टाकले होते. बापाशी बोलायला आणखी पंधरा दिवस लागले.

एक गोष्ट तिने अखेरीस, जरा अडखळत सांगितली. खरे तर पाचजण निघायचे होते. पाचवा तिच्याच वर्गातला, नागपूरकडचा मुलगा. त्याच्या निवास-परवान्याची मुदत संपत आली होती, नव्याचा अर्ज कार्यालयात पडून होता, आणि हाती असलेल्या कागदावर सीमा ओलांडलेली चालते की नाही हे त्याला कोणी नीट सांगेना. शुक्रवारी रात्री तो ‘तुम्ही जा’ म्हणाला आणि उरलेली भांडी त्याने विसळली. त्याला सोडून जायचे की नाही, यावर चौघांनी गाडीत बसेपर्यंत चर्चा केली. म्हणजे जाणारच होते. त्याचा परवाना सहा आठवड्यांनी आला. तोवर परीक्षा सुरू झाल्या होत्या.