डावा पाय

टाटीबंधच्या उड्डाणपुलावर माझी ऑटोमॅटिक गाडी चढेना, तेव्हा मला आधी कोण आठवलं? महिन्यापूर्वी गिअरबॉक्सचं ऑईल बदलून देणारा गॅरेजवाला. त्यानं हलकं ऑईल घातलं, असं मी ठरवूनच टाकलं. मनात ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या पायऱ्यांवर उभं राहून मी चौघांना सांगितलं, "तिकडे जाऊ नका, फसवतो." पुरावा? काहीच नव्हता.

समता कॉलनीतून आम्ही सकाळी एकदमच निघतो, मी गाडीत, बायको मागे स्कूटरवर. ती दोनदा म्हणाली होती, "अहो, तुमचा ब्रेकलाइट सारखा पेटलेला असतो." स्विच बिघडला असेल, म्हणून मी विषय संपवला. हेच ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्यानं सांगितलं असतं तर? बहुतेक ऐकलं असतं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो, तेही 'गिअरबॉक्स गेलाय' हा निकाल घेऊनच. त्यानं डिपस्टिक काढून पांढऱ्या चिंधीवर पुसली. ऑईल लाल, जळका वास नाही. एअर फिल्टर झटकला. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडची काळी धूळ पडली, पण तो तुंबलेला नव्हता. मग ब्रेक गच्च दाबून, गाडी 'डी'मध्ये टाकून त्यानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि 5 सेकंदांच्या आत सोडला. गिअरबॉक्स घसरत असेल तर आरपीएमचा काटा भलताच वर जातो, इंजिनात दम नसेल तर चढतच नाही. काटा हवा तिथे थांबला.

"अब आप चलाओ," तो म्हणाला. शेजारी बसून तो रस्त्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होता. परत आल्यावर त्यानं माझा हात पुढच्या चाकाजवळ नेला. धग इतकी, की तळवा धरवेना. "भैया, बायाँ पैर नीचे रखो."

पंचवीस वर्षं क्लचची गाडी चालवली. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही. अग्रसेन चौकात एकदा दुचाकी आडवी आली आणि तेव्हापासून तो ब्रेकवर टेकून राहिला. गाडी पुढे ओढत होती, मीच धरून ठेवत होतो. त्यातून काही गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली गेली की संगणक इंजिनाची ताकद आपणहून कमी करतो. म्हणजे गाडी माझंच ऐकत होती का? भीती होती मला, आणि तिला मी सावधपणा म्हणत होतो. दोष गॅरेजवाल्याचा ठरला असता तर मला स्वतःत काहीच बदलावं लागलं नसतं. म्हणूनच तो इतक्या चटकन सापडला असेल.

मंडळातल्या चौघांपैकी दोघांना खरं सांगून झालं. तिसरे भिलाईला राहायला गेले, त्यांचा फोन लागला नाही. चौथ्यांना परवा भेटलो आणि इतर गोष्टी बोलून परत आलो. गॅरेजवाल्याकडे अजून गेलेलो नाही.